मामाच्या झाडावरचा तुरा

कोंतने डोक्यावरचा लाल पिसांचा तुरा सावरला आणि नाचणाऱ्या पुरुषांच्या रांगेत शिरला. ढोल घुमत होते. लग्नाच्या मुली समोर उभ्या राहून एकेकाला पारखत होत्या. ज्याच्यावर मन बसेल त्याच्या हातात हात अडकवून त्याच्या शेजारी नाचायचं, ही आमची रीत. त्यांच्यातल्या मांदेची नजर कोंतच्या तुऱ्यावरून हलेना. कोंतला याचसाठी तर तो हवा होता.

"मामानं दिला वाटतं! नशीबवान आहेस लेका," शेजारी नाचणारा म्हणाला.

कोंतने ढोलाच्या तालावर पाय जोरात आपटले. मामाने, म्हणजे वांपने, त्याला आपला जुना, कसर लागलेला तुरा देऊ केला होता. हा ताजा होता. मामाच्या झाडावर रोज पहाटे पंख पसरून नाचणाऱ्या स्वर्गपक्ष्याचा. त्या नराला बाण मारू नकोस, त्याच्या मागून येणाऱ्या तरुण नरांची पिसं अजून भरली नाहीत, असं मामाने बजावलं होतं. तरी कोंतने तो चोरून मारला होता. त्या झाडापायी म्हातारा वेडाच होता. म्हणायचा, "ही पिसं नरांनी नाही वाढवली रे. माद्यांनी वाढवली. आखूड पिसांच्यांना पिढ्यान् पिढ्या नाकारून."

गर्दीतून वांप पुढे आला. तुरा बघून जागीच थबकला. कोंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटात पाप असलं की नाचासाठी अंगाला चोळलेली डुकराची चरबी चमकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याने खाली पाहिलं. स्वतःची छाती त्याला राखेसारखी दिसली.

"मामा, तुमच्याकडचाच ना हा?" शेजाऱ्याने ओरडून विचारलं.

"मग कुणाकडचा? माझ्याच झाडावरचा. मीच दिला भाच्याला," वांप सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं, असं कोंतला वाटलं. लाजेने त्याचे पाय उचलेनात. तेवढ्यात मांदे आली आणि तिने आपला हात त्याच्या हातात अडकवला. तो हात सोडवू लागला.

"का रे? मी नको?" तिचा चेहरा पडला.

वांप कोंतच्या कानाशी वाकला.

"तिकडे माद्या अजून रोज पहाटे येतात. रिकाम्या फांदीकडे बघत बसतात आणि परत जातात. निदान हिला तरी तसं पाठवू नकोस. नाच, गाढवा."