सुईकाकांचं स्टूल

स्टूल जागेवर नव्हतं.

सुईकाका हत्यारांची पेटी हातात धरून तसेच उभे राहिले. शिलाई कारखान्यातल्या त्या खिडकीखाली एकोणीस वर्षं एकच स्टूल होतं आणि त्यावर एकच माणूस बसत आला होता. तीनशे मशिनांपैकी कुठलंही अडलं की बाया जागेवरूनच हाक मारायच्या. आज स्टूल नव्हतं. कोट अडकवायचा खिळाही नव्हता, भिंतीत त्याचं भोक तेवढं होतं.

हा उद्योग चहा देणाऱ्या मावशींचा, असं वाटून काकांना हसूच आलं. काकांच्या बायकोने ‘यांची साखर सांभाळा’ असं एकदा कानावर घातल्यापासून मावशी त्यांच्या पेल्यात मोजून अर्धा चमचा घालत आणि काका कुरकुरले की पेलाच उचलून नेत. पण अख्खं स्टूल?

“निदान खिळा तरी ठेवायचा, बायांनो!”

कुणी हसलं नाही. शेजारच्या चौघींनी माना खाली घालून मशिनं अशी पळवली, जणू सगळ्या जगाचे कपडे आजच शिवून द्यायचे होते.

हिशेबनीस बाई कागद घेऊन आल्या. त्यांच्या घरचं मशीनही काकाच दुरुस्त करत, तेही फुकटात.

“बसा ना, काका,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मग उभ्याउभ्याच सांगितलं. “कराचा नियम बदललाय. तुम्ही कंत्राटी, स्वतःचा धंदा करणारे. पण आता जो रोज इथे येतो, इथल्या स्टुलावर बसतो, इथल्या पेल्यात चहा पितो, त्याला पगारी माणूस धरणार. त्याचा कर आम्ही कापायचा, वर आमचा वाटा भरायचा.”

“मग धरा की पगारी! एकोणीस वर्षांनी का होईना.”

“मालक म्हणतात, जागा नाही.”

“अहो, रोज येतोय ना मी त्या जागेवर!”

बाईंनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: बोलावल्याशिवाय येणार नाही. हत्यारं आणि बसायचं साधन स्वतःचं आणीन. कामगारांच्या कार्यक्रमांत भाग घेणार नाही.

“तपासनीस कधीही येतील. तुम्ही बाहेरचे आहात हे दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर उद्यापासून काम बंद. तुमचं काम टिकावं म्हणूनच हे सगळं, काका.”

“पण तुम्हीच सगळे मला घरचा माणूस म्हणत होतात.”

“तेच तर नडलंय.” बाई पेन काढत म्हणाल्या. “नियम आला तो पगारी माणसाला मुद्दाम बाहेरचा दाखवून कर चुकवणाऱ्यांसाठी. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.”

काकांनी नजर दुसरीकडे वळवली आणि ती दाराजवळच्या फोटोवर गेली. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा फोटो. मधल्या रांगेत हिशेबनीस बाई हसत होत्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शर्टाच्या मापाचं लेबल चिकटवलेलं होतं. मोठं माप.

काकांनी नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

“हे कुणी केलं?”

बाईंनी हात मागे घेतला. त्यांच्या अंगठ्याला अजून डिंक लागलेला होता.

घरी बसायचं हे काही वय नव्हतं. काकांनी पेन घेतलं. बारीकातल्या बारीक सुईत बिनचष्म्याने दोरा ओवणाऱ्या त्या हाताला सहीची रेघ सापडेना. शेवटी सही झाली, जरा वाकडी झाली.

तेवढ्यात मावशी आल्या. काकांना हायसं वाटलं. आता या दोन शिव्या घालतील, तो कागद टराटरा फाडतील आणि पेला हातात कोंबून म्हणतील, गिळा गरम आहे तोवर.

मावशींच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये पाहुण्यांची कपबशी आणि शेजारी साखरेचं भांडं. मावशींनी मान वर केली नाही.

“साखर किती घेता, साहेब?”