साबणाला थंडी लागेल

“अगं, झाक पटकन! वारं लागलं तर वर पांढरं धरेल,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

शालूने देवदारी खोक्यावर फळी ठेवली. आत खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोड्याचं नुकतंच घोटून ओतलेलं दाट मिश्रण होतं, वाळ्याच्या वासाचं. लग्न आठवड्यावर आलं होतं. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून शालूबरोबर द्यायचं तरी काय? शेवटी मंदाकिनीबाईंनी घरचा साबण करायला घेतला होता.

फळीवर तरट आलं, तरटावर गोधडी. जानेवारीचा गारठा होता. मंदाकिनीबाईंनी वरून हात फिरवला.

“पुरायचं नाही हे. ट्रंकेतला लोकरी कोट काढ.”

शालू जागची हलली नाही. “तो नको, आई.”

“डांबरगोळ्यांत पडून कुणाला ऊब देतोय तो? काढ.”

शालूने कोट आणला, पसरला आणि दोन्ही बाह्या खोक्याखाली हलकेच खोचल्या.

शेजारच्या ठमाबाई विरजण मागायला आल्या. “हे काय, बाळंतीण निजवलीय की काय?” त्या हसल्या. मग शालू आत गेलेली पाहून हळूच म्हणाल्या, “एवढी माया लावलीत. घर खायला उठेल हो तुम्हाला. आणि तुमचे दीर?”

“भाऊजींचं कल्याणहून पत्र आलंय. या लग्नाला पाय ठेवणार नाहीत म्हणे.”

“मग?”

“मग काय! मुलगा चांगला आहे,” मंदाकिनीबाईंनी विरजणाची वाटी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी शालू गोधडीखाली हात घालून बसलेली दिसली.

“हात काढ. चोवीस तास उघडायचं नाही.”

“उघडत नव्हते. ऊब आहे का बघत होते.” तिने गोधडीची कड सारखी केली. “मी जात नाही, आई. इथे कोण आहे मग?”

“मी आहे की.”

“तेच म्हणतेय.”

मंदाकिनीबाईंनी निवडायचे तांदूळ बाजूला सारले. “सगळे मला सांगतात, ठेवून घे, म्हातारपणाची काठी होईल. अगं, सव्विसाव्या वर्षी कुणी काठी होतं का? ऊठ, कुकरचं बघ.”

दुसऱ्या दिवशी साबण छान बसला होता, फक्त एक कोपरा मऊ राहिला होता. अकरा वड्या शालूच्या पेटीत गेल्या. “दीड महिना वाळू दे हं, मगच वापर,” मंदाकिनीबाईंनी तीनदा बजावलं. मऊ कोपरा त्यांनी स्वतःसाठी ठेवला.

लग्न ठाण्याच्या कचेरीत झालं. नवरामुलगा विश्राम शाळामास्तर होता. आधी दोघांच्या सह्या झाल्या. मग मंदाकिनीबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. कारकुनाने टाक दौतीत बुडवला.

“आपण मुलीच्या आई ना?”

“हो,” शालू घाईने म्हणाली.

मंदाकिनीबाईंनी पदराने चष्मा पुसला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कारकुनाला म्हणाल्या, “खरं तेच लिहा. सासू. पहिल्या घरची.”