शिऱ्याचा दिवस

“परत शिरा? देवा, आज कुणाचा नंबर?” डग्लस माझ्या कानाशी पुटपुटला.

वाईट बातमी उपाशीपोटी सांगू नये, हे आमच्या विभावरी मॅडम म्हणे मुलांना वाढवताना शिकल्या. त्यामुळे आखातातल्या हमद पोर्टजवळच्या आमच्या ऑफिसातून कुणाला काढायचं ठरलं, की त्या घरून शिरा करून आणायच्या. ज्याची नोकरी जाणार, त्याला पहिली ताटली, वर तुपाची धार. त्याचं खाऊन होईपर्यंत शेजारी बसायच्या, स्वतः मात्र घासही घ्यायच्या नाहीत.

नुपूरच्या लेकीला नुकतीच इथल्या शाळेत ॲडमिशन मिळाली होती. मॅडम वाढायच्या आधीच तिने आपली ताटली मागे सरकवली. “मॅडम, मला शुगर आहे.”

“आणि काल केक कुणी खाल्ला गं?” अवधूत म्हणाला.

मॅडमनी सगळ्यांना सारखाच शिरा वाढला, सगळ्यांवर तूप सोडलं. मग स्वतःची ताटली भरून घेतली आणि आमच्यातच येऊन बसल्या.

कुणी चमचा उचलेना.

शेवटी डग्लसच बोलला, “म्हणजे आज सगळेच खलास, मॅडम. तुम्हीपण.”