लाल सोनं

बस थांबताच सगळे मोबाइल सरसावून तलावाकडे पळाले. पलीकडचा डोंगर लालभडक पेटला होता. दिगंबरराव मात्र सुनेच्या आधारानं सावकाश उतरले.

"बाबा, एकदा कॅनडातली पानगळ बघायला याच," असं शिरीष आठ वर्षं घोकत होता. दर वेळी हे म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." शेवटी आले ते लेकाला शेवटचं बघायला. या सहलीची तिकिटंही त्यानंच हौसेनं काढून ठेवली होती. तिघांची.

आज दसरा. घरात दुःख झालेलं, त्यामुळे यंदा सण नव्हता. तरी ऋजुतानं गवतावरचं मेपलचं एक लाल पान उचललं आणि सासऱ्यांच्या हातात ठेवलं. "सोनं घ्या, बाबा," म्हणत ती नमस्काराला वाकली.

"अखंड सौभाग्यवती..." सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि पुढचं 'भव' ओठांवरच राहिलं.

ती वाकलेलीच राहिली.

"पूर्ण म्हणा ना, बाबा. दर दसऱ्याला तुम्ही फोनवर असं म्हणालात, की तो मागून ओरडायचा, 'अहो, हा तर मलाच आशीर्वाद झाला!'"