पिल्लासाठी खोली

"शिवणयंत्र आधी हलवा बाबा," मुलगा म्हणाला. "एखादी सुई पडलेली असायची, पिल्लानं गिळली म्हणजे?"

म्हाताऱ्या वायरमनला ते पटलं. यंत्र बायकोचं होतं. ती गेल्यापासून या खोलीतली काडी इकडची तिकडे झाली नव्हती. मुलानं मागे एकदोनदा विषय काढला, तेव्हा म्हातारा भरल्या ताटावरून उठून गेला होता. पण आता गोष्ट वेगळी. मुलानं फोनवर फोटोच दाखवला: तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडका.

"तुमच्यासाठी आणतोय. किती दिवस भिंतींशी बोलणार?"

म्हातारा कंबर कसून कामाला लागला. जन्मभर लोकांच्या घरात वायरी ओढल्या, आता स्वतःच्या घरातल्या वर घेतल्या. फरशीच्या फटींत बोट घालून टाचण्या वेचल्या. फिनेलची बाटली माळ्यावर गेली. पिल्लाला पळायला जागा हवी, म्हणून म्हाताऱ्याची खाट हॉलमध्ये गेली.

यंत्र न्यायला आलेल्या शिंप्यानं जिन्यात हटकलं. "काय वायरमन, या वयात घरात पाळणा हलणार म्हणे?"

"पाळणा कशाला? खोकं पुरे," म्हातारा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"कपाटाचं काय करायचं?" सुनेनं विचारलं. "आईंच्या कपड्यांत डांबरगोळ्या आहेत. कुत्र्याला विष असतं ते."

"गोळ्या काढून टाकतो."

"वास राहतोच की बाबा."

त्यानं कपाट उघडलं. मग एकेक कपडा, घडी न मोडता, पिशवीत ठेवला. सुनेनं पिशव्या लगोलग देऊन टाकल्या. मागोमाग कपाटही गेलं.

उरली उशी. तिचा अभ्रा त्यानं आजवर कुणाला धुऊ दिला नव्हता.

"मनाला लावून घेऊ नका," मुलगा हळूच म्हणाला, "पण पिल्लू माणूस ओळखतं ते नाकानं. खोलीत आईचा वास असला, तर ते तिलाच शोधत बसेल. तुमच्याकडे ढुंकून बघायचं नाही."

म्हाताऱ्यानं उशीत तोंड खुपसलं. खूप वेळानं वर काढलं. मग अभ्रा बादलीत बुडवला आणि साबण लावून स्वतःच्या हातानं चोळला. शोधत बसायला घरात एक जीव पुरे होता.

रविवारी सकाळी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. बेल वाजली तेव्हा तो दाराशी पोतं अंथरून, वाटीत दूध घेऊन, गुडघ्यांवर बसला होता. जीभ टाळूला लावून त्यानं हलकेच चुचकारलं.

दार उघडलं. दोन बॅगा घेतलेला एक तरुण उंबऱ्यातच थबकला. त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"घरात कुत्रं आहे का? मला चालत नाही हं. खोली ठरवतानाच बोललो होतो."

"छे हो," मागून आलेला मुलगा त्याच्या हातात किल्ली देत म्हणाला. "ते पिल्लू मीच सोडलं होतं."