दहीसाखर आणि बंद दार

माणसाच्या ताटावरून त्याच्या चित्ताची पारख होऊ लागली, त्या काळातील एका सुनेची हकिकत मी येथे नम्रपणे निवेदन करीत आहे.

मालनचे चित्त एके ठिकाणी ठरत नसे, म्हणून सरकारने तिच्या मनगटाला आहारपट्टी बांधली होती. पोटात साखर गेली की चित्त भरकटले असे धरून घराचे दार तीन तास बंद होई. ही पट्टी काढावी, या तिच्या अर्जाची सुनावणी आज अकरा वाजता होती. दहाला ती मोड आलेले मूग खाऊन निघाली, तोच सासूबाईंनी शुभकार्याच्या सवयीने तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. तिनेही सवयीनेच ती चाटली. दाराला कुलूप पडले.

"अगं, चिमूटभरच होती," सासूबाई कासावीस झाल्या.

"त्याला चिमूट कळत नाही, आत्याबाई."

"मग मी सांगते त्याला, चूक माझी आहे म्हणून."

"सांगा. माझं तर तीन वर्षं ऐकत नाही."

मालन उंबरठ्याशी बसली. अकरा वाजून गेले. गैरहजेरीमुळे अर्ज फेटाळल्याचा निरोप आला. एक वाजता दार उघडले. त्या तीन तासांत तिचे लक्ष दारावरून क्षणभरही ढळले नव्हते. परंतु पट्टीला केवळ साखरच कळत होती.

वाचकांनी आपला अमूल्य वेळ दिला, त्याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
सुभान बाळा खरमाटे