जुनी डबी

गोळ्यांच्या पाच डब्या. टेबलाला आवळलेला लोखंडी शिकंजा. निवून गेलेला चहा. लेकीच्या मांडीवर एकमेकांत घट्ट गुंफलेले दोन हात.

गेल्या दोन स्पर्धांत लेकीचा नेम पार चुकला होता आणि खापर गोळ्यांच्या डोक्यावर फुटलं होतं. म्हणून आज बाप रायफल शिकंज्यात अडकवून एकेक डबी तपासत होता. शिकंज्यात माणसाचा हात लागत नाही, दोष दिसतो तो फक्त गोळीचा.

चार नव्या डब्या ठीकठाक निघाल्या.

“आता जुनी लावा ना बाबा. तीच मेली दळभद्री आहे.”

जुनीनं तर सगळ्यांवर कडी केली. दहाही गोळ्या एकाच जागी, आणि निशाणाच्या कागदावर भोक एकच, जेमतेम वाटाण्याएवढं.

“काय म्हणतेय?” लेकीनं खुर्चीतूनच विचारलं.

बापानं तिच्याकडे पाठ केली, पेन्सिलीनं कागदाला इकडेतिकडे पाच-सहा भोकं पाडली आणि मग तो कागद तिच्यापुढे धरला.

“किती पसरतात बघ! तुझा काय दोष?”

“म्हटलं नव्हतं मी?” ती हसली.

तिच्या हातांच्या या थरथरीवर औषध नाही, हे डॉक्टरांनी सोमवारी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं.